सुईपेक्षा चुकलेल्या गोळीची काळजी करा

जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या ६१ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयात धातूची झडप बसवण्यात आली आणि तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी ॲसिनोकुमारॉल ही गोळी त्या रोज रात्री घेतात. त्यांना मधुमेहही आहे. वर्षभरापासून गुडघे दुखतात, पण या गोळीसोबत वेदनाशामके घेऊ नका, असे हृदयरोगतज्ज्ञांनी बजावले आहे. शेवटी मैत्रिणीच्या सांगण्यावरून, गावात दर रविवारी शिबिर घेणाऱ्या ॲक्युपंक्चर उपचारकांकडे त्या तीन वेळा जाऊन आल्या. दुखणे काहीसे कमी झाले, झोपही बरी लागू लागली. मात्र तिसऱ्या खेपेस सुया काढताना त्यांना घेरी आली आणि दुसऱ्या दिवशी पोटरीवर तळहाताएवढा काळानिळा डाग उमटला. उपचारकांचे म्हणणे असे की दूषित रक्त बाहेर पडत आहे, म्हणजे गुण येत आहे. सुईत औषधच नसते, मग तिचा साइड इफेक्ट कुठून असणार. आणि फारच काळजी वाटत असेल तर उपचाराच्या आदल्या रात्रीची व त्या रात्रीची गोळी घेऊ नका. पुढच्या रविवारी खांद्यालाही सुया टोचायच्या आणि वजन उतरावे म्हणून कानात एक बारीक सुई आठवडाभर ठेवायची, असे ठरले आहे. पुण्यातला मुलगा या सगळ्याला ‘चिनी थोतांड’ म्हणतो. हृदयरोगतज्ज्ञांना त्यांनी यातले काहीच सांगितलेले नाही. हे उपचार सुरक्षित आहेत का आणि डॉक्टरांना न सांगता ते चालू ठेवले तर चालेल का, असे त्या विचारतात.

ताई,

बाकी सारे सावकाश बोलू. आधी आज रात्रीची गोळी घ्या. कोणत्याही सुईसाठी, कोणाच्याही सांगण्यावरून ती चुकवू नका. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरण्याचा धोका कायम असतो आणि तुमच्या व त्या गुठळीच्या मध्ये ही एकच गोळी उभी आहे. ॲसिनोकुमारॉलचा परिणाम याच जातीच्या वॉरफरिनपेक्षा लवकर ओसरतो, त्यामुळे लागोपाठ दोन रात्री ती न घेणे ही साधी गोष्ट नव्हे. गुठळीने झडप अडकू शकते किंवा गुठळीचा तुकडा मेंदूकडे जाऊन पक्षाघात होऊ शकतो. यापूर्वीच एखादी गोळी चुकवली असेल, तर भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नका. उद्या सकाळी डॉक्टरांना तसे कळवा. तुमच्या पत्रात सुया, घेरी, डाग असे बरेच काही आहे, पण ते वाचताना मी थबकले ती ‘गोळी घेऊ नका’ या एका वाक्यापाशी. सर्वांत मोठा अपाय करू शकेल अशी त्यात हीच गोष्ट आहे आणि ती सुईने केलेली नाही, सल्ल्याने केली आहे.

आता पोटरीवरच्या डागाकडे वळू. ते दूषित रक्त नाही आणि ते बाहेरही पडलेले नाही. सुईने एखादी बारीक रक्तवाहिनी दुखावली की तिच्यातले चांगले रक्तच कातडीखाली साठते. ज्यांना रक्त पातळ करणारे औषध चालू नसते त्यांनाही असे डाग पडतात; ते बहुधा नाण्याएवढे असतात आणि आठवड्याभरात हिरवे-पिवळे होऊन विरतात. तुमचा डाग तळहाताएवढा आहे, याचा अर्थ सुई थोडी खोल गेली असेल किंवा तुमचे रक्त सध्या ठरवलेल्या मर्यादेपेक्षा अधिक पातळ झाले असेल. यातले नेमके काय झाले ते आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ आहे हे मोजणाऱ्या, तपासणीतून कळेल, म्हणून ती तपासणी पुढच्या ठरलेल्या तारखेची वाट न पाहता उद्याच करून घ्या. पोटरी दगडासारखी घट्ट होऊ लागली, पावलाला मुंग्या येऊ लागल्या, पाऊल हलवताना असह्य कळ येऊ लागली, किंवा लघवीतून वा हिरड्यांतून रक्त जाऊ लागले, तर उद्याचीही वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

सुईत औषध नाही म्हणून तिचा दुष्परिणाम नाही, हे म्हणणे मी अनेकांकडून ऐकले आहे आणि ऐकताना ते पटण्याजोगे वाटते. आपल्याकडे साइड इफेक्ट हा शब्दच मुळी गोळ्यांना चिकटलेला आहे. गोळी नाही म्हणजे तोही नाही, असे मन आपोआप धरून चालते. पण पाव मिलिमीटर जाडीची का होईना, पोलादाची एक वस्तू कातडी भेदून स्नायूत शिरते, तेव्हा तिच्या वाटेत रक्तवाहिन्या असतात, मज्जातंतू असतात आणि काही ठिकाणी थोड्याच अंतरावर फुप्फुसही असते. शिवाय ज्या उपचाराने शरीरात काही घडतच नाही, त्याने गुडघा तरी कसा बरा व्हावा? परिणाम होतो असे म्हणायचे असेल, तर नको असलेलाही परिणाम होऊ शकतो हे त्याबरोबर मान्य करावे लागते.

तो किती वेळा होतो, याचे बऱ्यापैकी विश्वासार्ह उत्तर जर्मनीतल्या एका मोठ्या पाहणीत मिळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत २,२९,२३० रुग्णांनी आपापले अनुभव नोंदवले होते आणि प्रत्येकाने सरासरी दहा वेळा उपचार घेतले होते. शंभरातल्या साधारण ८ ते ९ जणांनी काही ना काही त्रास झाल्याचे सांगितले. त्यातला बहुतांश त्रास रक्त येणे वा काळेनिळे पडणे, टोचल्या जागी दुखणे अशा स्वरूपाचा होता. त्रासावर वेगळा इलाज करावा लागला असे शंभरात दोनाहून किंचित अधिक होते. छातीत हवा शिरून फुप्फुस आकसल्याची उदाहरणे एवढ्या मोठ्या संख्येत दोन होती. हे आकडे दिलासा देणारेच आहेत. मात्र ते वाचताना एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये: तिथे सुया टोचणारे सगळे प्रशिक्षित डॉक्टर होते. त्यांच्या हाताची सुरक्षितता रविवारच्या शिबिरातल्या कोणत्याही हाताला आपोआप लागू होत नाही.

रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांचा वेगळा विचारही झालेला आहे. २०१५ च्या एका आढाव्यात अशा ३८४ रुग्णांवर झालेले ३,९७४ उपचार तपासले गेले, तेव्हा थोडेफार रक्त येण्याच्या नोंदी होत्या, पण त्याहून मोठा, म्हणजे मध्यम स्वरूपाचा रक्तस्राव एकदाच झाल्याचे आढळले. रुग्णसंख्या लहान असल्यामुळे यावरून निःशंक होता येणार नाही. तरीही, रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्याने सुईच्या वाऱ्यालाही उभे राहू नये असे म्हणणे योग्य ठरणार नाही. आयएनआर मर्यादेत हवे, सुई वरच्यावर टोचलेली हवी आणि काढल्यावर त्या जागी दोन-तीन मिनिटे कापूस दाबून धरलेला हवा. गोळी बंद करायची ही अट यात कुठेच नाही. उलट, गोळी बंद केल्याशिवाय टोचता येणार नाही इतकी खोल सुई जो मारणार असेल, त्याच्याकडे तुम्ही जाऊच नये.

घेरी आली ती बहुधा सुईच्या भीतीने किंवा तिच्या प्रतिक्षिप्त परिणामाने रक्तदाब क्षणभर उतरल्यामुळे. पहिल्या काही खेपांना, विशेषतः खुर्चीवर बसवून सुया टोचल्या तर, हे अनेकांचे होते. तुमच्या बाबतीत दुसरी शक्यता साखर उतरल्याची आहे. मधुमेहाची गोळी घेऊन आणि नाश्ता न करता तुम्ही शिबिराच्या रांगेत बसला होतात का, ते आठवून पाहा. पुढे कधी गेलात तर खाऊन जा, झोपूनच सुया टोचून घ्या, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसून मगच निघा. काहींना उपचारानंतर चांगलीच गुंगी येते, म्हणून स्कूटर चालवत परतणे नको. मधुमेहात पावलांची संवेदना कमी झालेली असेल, तर पावलांवर सुया आणि विशेषतः पेटत्या औषधी वातीचा शेक, ज्याला मॉक्सा म्हणतात तो, नकोच. चटका बसला तरी कळत नाही आणि जखम चिघळते.

पुढच्या रविवारच्या बेताबद्दल मात्र मला स्पष्ट बोलावे लागेल. त्यातल्या दोन्ही गोष्टी रद्द करा.

मान आणि खांदा यांच्यामधला जो उंचवटा आपण दुखतो म्हणून दाबून घेतो, त्याच्या माथ्यावर जियानजिंग नावाचा ॲक्युपंक्चरचा एक प्रसिद्ध बिंदू, म्हणजे सुई टोचण्याची ठरलेली जागा, आहे. फुप्फुसाचे टोक त्याच्या खाली फार दूर नसते. सडपातळ व्यक्तीत तर ते अंतर एक-दोन सेंटिमीटरच भरते. सरळ खाली गेलेली सुई तिथवर पोहोचली की फुप्फुसाभोवती हवा साठू लागते. श्वास घेताना छातीत टोचणे, धाप लागणे, कोरडा खोकला ही त्याची लक्षणे असून ती काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात, त्यामुळे सुईशी त्यांचा संबंध रुग्णाच्या लक्षातच येत नाही. छातीच्या मधल्या हाडाचीही अशीच एक गंमत आहे, जिला गंमत म्हणू नये: शंभरातल्या पाच-सहा माणसांच्या या हाडात जन्मतःच एक छोटे भोक असते, बाहेरून ते समजत नाही आणि त्याच्या मागे हृदय असते. नॉर्वेमध्ये अशाच भोकातून सुई हृदयापर्यंत गेल्याने एक मृत्यू झाल्याची नोंद १९९५ साली वैद्यकीय नियतकालिकात आली होती. असे प्रकार अत्यंत विरळ आहेत. पण गुडघ्यासाठी गेलेल्या बाईच्या खांद्यात किंवा छातीत सुई टोचायची गरज मुळात काय, हा प्रश्न त्या विरळपणाच्याही आधी विचारायला हवा.

कानातली सुई याहून अधिक गंभीर आहे, आणि तीही तुमच्या झडपेमुळे. कातडीत अनेक दिवस राहिलेली सुई म्हणजे जंतूंसाठी उघडी ठेवलेली वाट होय. निरोगी माणसाला त्यातून फार तर कानाच्या कूर्चेचा संसर्ग होतो, जो स्वतःही चिवट असतो. परंतु कृत्रिम झडप असलेल्या व्यक्तीत रक्तात शिरलेले जंतू त्या झडपेवर घर करू शकतात, आणि ते दुखणे जिवावर बेतते. कानातल्या अशा सुयांनंतर हृदयाच्या झडपेला संसर्ग झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. वजनासाठी कानावर काही करायचेच असेल, तर कातडी न भेदता चिकटपट्टीने बी लावून दाबण्याची पद्धत आहे. तिने वजन उतरेल असे आश्वासन मी देणार नाही. तिने झडपेला धोका होणार नाही, एवढेच सांगते. उपचारानंतरच्या काही आठवड्यांत कारण न कळणारा ताप आला, थंडी वाजली, तर दोन दिवस अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना सुयांबद्दल आठवणीने सांगा.

संसर्गाचा विषय निघालाच आहे, तर १९८४ सालची अमेरिकेतील ऱ्होड आयलंडची घटना सांगण्याजोगी आहे. तिथल्या एकाच उपचारकेंद्रातून ३५ रुग्णांना हेपटायटिस बी ही कावीळ झाली होती. सुयांच्या निर्जंतुकीकरणात झालेली हयगय तिच्या मुळाशी होती. आज एकदाच वापरायच्या, पाकीटबंद, निर्जंतुक सुया सहज मिळतात आणि त्या महागही नाहीत. त्यामुळे ‘तुमच्या सुया वेगळ्या डबीत नाव घालून ठेवल्या आहेत’ हे ज्याला काळजीचे लक्षण वाटते, त्याच्याकडून उठून यावे. पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडले गेले पाहिजे, सुया टोचताना आणि काढताना मोजल्या गेल्या पाहिजेत (अंगात विसरलेली सुई ही विनोदातली गोष्ट नाही, तशा नोंदी आहेत), आणि वापरलेल्या सुया पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात गेल्या पाहिजेत. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम धारदार वस्तूंसाठी तसाच डबा सांगतात. तो डबा खोलीत दिसत नसेल, तर बाकीची शिस्तही फारशी नसावी, असे मी धरून चालते.

उपचारकांना त्यांचा नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला असून त्यानुसार राज्यात परिषद आणि नोंदणीची व्यवस्था आहे. नोंदणी असली म्हणजे गुण येईलच असे नव्हे, परंतु काही बिघडले तर दाद मागायला एक दार असते. रविवारी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न आधी विचारायला हवा: सोमवारी छातीत दुखू लागले, तर तुम्ही फोन कोणाला करणार?

आता चिरंजीवांच्या ‘थोतांड’ या शब्दाबद्दल. चीनचे आहे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही आणि प्राचीन आहे म्हणून ते स्वीकारार्हही ठरत नाही. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली जे वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजॉयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कोलकात्यात आणली. म्हणजे आपल्याकडे तिचा प्रवेश एका आधुनिक डॉक्टरच्या हातून झाला. तिचा उपयोग होतो का, याचे उत्तर मुलाला वाटते त्याहून गुंतागुंतीचे आहे आणि उपचारक सांगतात त्याहूनही. जर्मनीतच गुडघेदुखीच्या १,००७ रुग्णांवर केलेला, २००६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. पारंपरिक पद्धतीने सुया टोचलेल्यांपैकी ५३ टक्के लोकांना ठरवलेल्या मोजमापानुसार गुण आला. भलत्याच ठिकाणी, अगदी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना आला. आणि सुया न टोचता डॉक्टरी सल्ला व औषधे एवढ्यावर ठेवलेल्यांपैकी २९ टक्क्यांना. म्हणून तुम्हाला वाटलेला आराम खोटा नाही. तो नेमक्या बिंदूमुळे आला असे मात्र म्हणता येत नाही. त्यात स्वस्थ पडून राहण्याचा, कोणीतरी अर्धा तास लक्ष देण्याचा आणि बरे वाटेल या अपेक्षेचा मोठा वाटा असावा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने २०२२ साली सांध्यांच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असे म्हटले. त्याच संस्थेने अर्धशिशी रोखण्यासाठी मात्र त्याचा विचार करण्यास वाव ठेवलेला आहे.

मला या प्रयोगातून तुमच्यापुरता वेगळाच बोध दिसतो. वरवर टोचलेल्या सुईने जर जवळपास तेवढाच आराम मिळत असेल, तर धातूच्या झडपेच्या आणि पातळ रक्ताच्या माणसाने खोल सुईचा धोका पत्करण्याचे कारणच उरत नाही.

तेव्हा तुमच्यासमोर असलेले मार्ग असे दिसतात. सुया थांबवून गुडघ्यांकडे दुसऱ्या बाजूने पाहणे हा माझ्या पसंतीचा मार्ग आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूंना बळ देणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून रोज करणे, थोडे वजन उतरवणे, भारतीय पद्धतीच्या शौचालयाऐवजी कमोड आणि जमिनीऐवजी खुर्ची वापरणे, हे ऐकायला नीरस असले तरी झिजलेल्या गुडघ्याला याचाच आधार सर्वांत भक्कम असतो. वेदनाशामकांना मनाई म्हणजे सगळ्यांनाच मनाई का, हेही डॉक्टरांना विचारा; पॅरासिटामॉल बहुधा चालते, मात्र ते रोज घेतल्यास आयएनआर वाढू शकते, म्हणून तेही विचारूनच घ्यायचे. आणि सुयांचा आराम सोडवत नसेल, तर डॉक्टरांची संमती घेऊन, नोंदणीकृत आणि शक्यतो शरीररचना शिकलेल्या उपचारकाकडे, केवळ गुडघ्याभोवती, कमी सुया आणि त्या वरच्यावर, असा दुसरा मार्ग आहे. सहा-आठ खेपांत ठळक फरक पडला नाही तर तो सोडून द्यावा. आज चालला आहे तो तिसरा मार्ग, म्हणजे रविवारचे शिबिर आणि घरी मौन, मी तुम्हाला सुचवू शकत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांपैकी कोणाच्या छातीत पेसमेकर असेल, तर सुयांना वीजप्रवाह जोडण्याचा प्रकार टाळावा. गर्भवतींनी आपण गर्भवती आहोत हे सुरुवातीलाच सांगावे, कारण काही बिंदू तेव्हा वर्ज्य मानले जातात. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या हाताला सूज येते, त्यांनी त्या हाताला सुई लावू देऊ नये.

राहिला डॉक्टरांना सांगण्याचा प्रश्न. ते रागावतील, असे तुम्हाला वाटते, कदाचित रागावतीलही. पण तुम्ही काही न सांगता गेलात आणि आयएनआर बिघडलेले निघाले, तर ते बिचारे तुमच्या आहारात या गोळीचा परिणाम बदलणारी पालेभाजी शोधत बसतील आणि अंदाजाने गोळीचा डोस बदलतील. ‘गुडघे सहन होत नाहीत, वेदनाशामके चालत नाहीत, म्हणून मी तीन वेळा सुया टोचून घेतल्या, पोटरीवर डाग आला आहे, गोळी चुकवा असे मला सांगण्यात आले आहे’ एवढी वाक्ये कागदावर लिहून न्या. त्यात पहिले वाक्य गाळू नका. वेदनाशामके बंद करताना गुडघ्यांचे पुढे काय करायचे हे कोणी तुम्हाला सांगितले नव्हते, हे त्यांनाही कळले पाहिजे. चिरंजीवांना उद्या फोन करा आणि वाद घालण्याऐवजी पुण्याहून येऊन या भेटीला सोबत यायला सांगा. आयएनआरचे आकडे लिहिण्याची जी वही तुमच्याकडे असेल, तिच्यात त्या तीन रविवारांच्या तारखा आजच टिपून ठेवा.